गोळी, शेक आणि फुप्फुस
(लेखांक ७)

मागच्या लेखांकात टॅमॉक्सिफेन आणि लेट्रोझोल या हार्मोनविरोधी गोळ्यांचे काम पाहिले. आता त्यांच्याशी जोडलेला प्रश्न: किरणोपचार, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत ‘शेक’, चालू असताना ही गोळी घ्यायची की नाही? एकीला डॉक्टर दोन्ही एकदम सांगतात, दुसरीला शेक संपल्यावर गोळी सुरू करू म्हणतात. बाहेरच्या बाकावर या दोघी शेजारी बसल्या की दोघींचाही जीव टांगणीला लागतो.

या वेगवेगळ्या सल्ल्यांमागचे एक कारण फुप्फुसात आहे. स्तनावर किरण तिरपे, छातीच्या पिंजऱ्याला घासून जातील असे सोडतात. तरीही फुप्फुसाची एक कड त्यांच्या वाटेत येतेच. गळपट्टीच्या हाडाजवळच्या लसिकाग्रंथींनाही शेक द्यायचा असेल, तर फुप्फुसाचे टोकही त्यात सापडते. तिथली सूज साधारण एक ते सहा महिन्यांत वर येते: कोरडा खोकला, जिना चढताना लागणारा दम, कधी अंगात कणकण. पुढे काही महिन्यांनी त्या जागी वण धरतो. बहुतेकींना तो जाणवतही नाही, फक्त एक्स-रेवर दिसतो. श्वासाचा त्रास व्हावा इतकी सूज फार थोड्या जणींना येते.

या वणाचा कारभार ज्या प्रथिनांच्या हाती असतो, त्यांतले एक प्रमुख म्हणजे टीजीएफ-बीटा. किरणांमुळे ते वाढते आणि पेशींना तंतू विणायला लावते. टॅमॉक्सिफेनही शरीरात याच प्रथिनाला चालना देते. स्तनाच्या पेशींची वाढ रोखायला ते उपयोगी पडते, पण भाजलेल्या फुप्फुसात तेच वण दाट करू शकते. डेन्मार्कमधील सोरेन बेंट्झेन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली नेमके हेच दाखवले. स्तन काढून मग शेक घेतलेल्या ज्या स्त्रिया टॅमॉक्सिफेनवर होत्या, त्यांच्या एक्स-रेत वण अधिक आढळला. अभ्यास लहान होता आणि किरण देण्याच्या पद्धती जुन्या होत्या. तरी इशारा गांभीर्याने घेण्याजोगा होता, आणि तो घेतलाही गेला.

मग गोळी उशिरा सुरू केली तर आजार बळावेल का? २००५ मध्ये अमेरिकेतल्या तीन गटांनी आपापल्या जुन्या नोंदी तपासल्या. दोन्ही एकदम घेतलेल्या आणि एकामागून एक घेतलेल्या रुग्णांत आजार उलटण्याच्या प्रमाणात ठळक फरक निघाला नाही. लेट्रोझोलबाबत फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये १५० स्त्रियांवर चाचणी झाली. २०१० मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांत गोळी शेकाबरोबर घेतली म्हणून त्वचेचा त्रास वाढलेला दिसला नाही.

म्हणून ज्यांच्या फुप्फुसाचा बराच भाग किरणांत येतो किंवा ज्यांना आधीपासून दमा वा जुना फुप्फुसविकार आहे, त्यांची टॅमॉक्सिफेन शेक संपेपर्यंत थांबवावी, असा माझा कल आहे. काही आठवडे थांबल्याने नुकसान होत असल्याचा पुरावा नाही. मात्र हा निर्णय डॉक्टरांसोबतच घ्यायचा. चालू असलेली गोळी खोकल्याच्या धास्तीने परस्पर बंद करणे फार महागात पडू शकते. तिचा खरा लाभ पाच वर्षे आणि कधी त्याहून अधिक काळ ती नेमाने घेण्यात आहे.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. फुप्फुसाच्या टोकावरची ही सूज किंवा वण एक्स-रेत क्षयरोगासारखा दिसू शकतो. रुग्ण गावी परतलेली असते, खोकल्यासाठी जवळच्या दवाखान्यात जाते, आणि शेकाचा उल्लेखच होत नाही. अशा वेळी थुंकीची तपासणी जरूर करावी, कारण क्षय आपल्याकडे खरोखरच आहे. पण किरण कोणत्या बाजूला, किती आणि कधी दिले, हे लिहिलेले कार्ड आधी डॉक्टरांपुढे ठेवावे. सूज किरणांचीच असेल आणि त्रास जास्त असेल, तर डॉक्टर स्टेरॉइड देतात. बरे वाटताच ती गोळी एकदम सोडायची नसते. डॉक्टर मात्रा काही आठवड्यांत हळूहळू उतरवतात. घाई केली तर खोकला उलटतो.