ती सही करायची ‘एलिझाबेथ’!

इटलीतलं लिव्होर्नो बंदर, फेब्रुवारी १७७५. रशियन आरमाराच्या कवायती बघायला एक देखणी तरुणी जहाजावर आलीय. सोबत काउंट अलेक्सेई ओर्लोव. त्यानं तिला लग्नाचं वचन दिलंय. म्हणजे आता रशियाचं सिंहासन काही फार लांब नाही! आणि तेवढ्यात सैनिक तिला अटक करतात. काउंटसाहेब? ते सम्राज्ञी कॅथरीनचेच माणूस निघाले.

फुल्टू फिल्मी वाटतंय ना? पण हे खरोखर घडलंय. त्यामुळे सिनेमावाले ते सोडतील कशाला! १९१०मध्ये रशियातच यावर एक मूकपट निघाला. मात्र खरा शाही थाट केला तो फ्रेंच दिग्दर्शक रेमों बर्नारनं, ‘ताराकानोवा’मध्ये. नायिका एदित झेआन. शिवाय ‘मेट्रोपोलिस’मधला वेडा शास्त्रज्ञ आठवतोय? तो रुडॉल्फ क्लाइन-रोगेसुद्धा यात आहे. बिचाऱ्या सिनेमाचं टायमिंग मात्र चुकलं. मूकपट म्हणून बनलेला हा पिक्चर १९३०मध्ये आला, तेव्हा सगळ्यांना बोलपटाचं वेड लागलं होतं.

ही मुलगी स्वतःला सम्राज्ञी एलिझाबेथची मुलगी म्हणवायची. आपल्याकडे अशा माणसाला एकच शब्द आहे, तोतया. आणि गंमत बघा, पुण्यात सदाशिवरावभाऊंच्या तोतयाला देहदंड झाला तो १७७६मध्ये, म्हणजे जवळपास त्याच सुमारास! कॅथरीनचं टेन्शनही समजण्यासारखं होतं. स्वतःला तिचा मृत नवरा म्हणवणाऱ्या पुगाचोवनं अर्धा देश पेटवला होता. त्याला जानेवारी १७७५मध्ये संपवलं, तर इकडे युरोपात ही बया हजर.

पडद्यावरचा ओर्लोव मात्र तिच्यावर खरंच भाळतो. मेलोड्रामा म्हटला की हिरोला थोडं मन हवंच. पण मला हे पटत नाही. खऱ्या ओर्लोवनं प्रेमाचं नाटक केलं, कामगिरी फत्ते केली आणि बाईसाहेबांना तसा रिपोर्ट धाडला. फसवणाऱ्याला अश्रू दिले की आपण त्यालाच सहानुभूती देऊन बसतो आणि जिचा जीव गेला ती बाजूलाच राहते.

तिला पीटर्सबर्गच्या पीटर-पॉल किल्ल्यात ठेवलं. क्षयानं पोखरलेली, खोकल्यातून रक्त पडणारी ती मुलगी कॅथरीनला भेटीसाठी पत्रं लिहायची आणि खाली सही ठोकायची, ‘एलिझाबेथ’. कॅथरीनचा पारा चढला. भेट नाहीच मिळाली. आपण ई-मेलखालचं डेझिग्नेशन बदललं तर एचआर चिडतं, इथे तर साम्राज्याचा मामला! साधं, खरं नाव लिहून माफी मागितली असती तर कदाचित सुटली असती. पण तिनं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. की तिलाच ते ठाऊक नव्हतं?

चित्रकार फ्लावित्स्कीनं १८६४मध्ये तिला कोठडीत घुसलेल्या पुरात अडकलेली दाखवलंय. मॉस्कोच्या त्रेत्याकोव गॅलरीतलं ते चित्र बघून अंगावर काटा येतो. फक्त तो पूर आला १७७७मध्ये आणि ती गेली होती डिसेंबर १७७५मध्येच.

आणि हो, ‘ताराकानोवा’ हे नाव तिनं स्वतः कधीच लावलं नव्हतं. ते लोकांनी तिला नंतर चिकटवलं.