बदलता रोध नोंदवायचा कसा?

ॲक्सिलरेटर किती दाबला, इंजिनातील पाणी किती तापले, टाकीत इंधन किती उरले, या गोष्टी अनेक मोटारगाड्यांत बदलत्या रोधाच्या साहाय्याने मोजल्या जातात. त्यांची क्षणोक्षणी नोंद ठेवणारे यंत्र म्हणजे डेटा लॉगर. मात्र या यंत्राला रोध कळत नाही; कळते ते फक्त विभवांतर. तेव्हा एकाचे दुसऱ्यात रूपांतर करणे हेच जोडणीचे खरे काम होय.

एक सोपा प्रयोग करू. रेडिओच्या आवाजाचे १० किलोओहमचे बटण घेऊ. त्याच्या बाहेरच्या दोन टोकांना दोन सेल (३ व्होल्ट) जोडू आणि मधले टोक व सेलचे ऋण अग्र यांमध्ये मल्टिमीटर लावू. बटण फिरवताच आकडा ० ते ३ असा सरकतो. आता ऋण अग्राला जोडलेले बटणाचे टोक सोडवू. बटण कितीही फिरवले तरी आकडा ३ च्या आसपासच राहतो! मल्टिमीटरचा स्वतःचा रोध प्रचंड असल्याने जवळजवळ सर्व विभवांतर त्याच्याच वाट्याला येते. म्हणजे विभवांतर वाटून घ्यायला बदलत्या रोधाला एक जोडीदार हवा.

तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरला दोनच तारा असतात. म्हणून ५ व्होल्ट आणि थर्मिस्टर यांच्यामध्ये १ किलोओहमचा स्थिर रोध घालतात. एका प्रचलित थर्मिस्टरचा रोध २०° सेल्सिअसला सुमारे २.५ किलोओहम, तर १००° ला सुमारे १८६ ओहम असतो. त्यानुसार लॉगरला अनुक्रमे ३.५७ व ०.७८ व्होल्ट मिळतात. हे ५ व्होल्ट लॉगरमधूनच घ्यावेत. गाडीची बॅटरी इंजिन चालू असताना १४ व्होल्टपर्यंत चढते.

पण थर्मिस्टर गाडीच्या संगणकाला आधीच जोडलेला असेल तर? त्या संगणकात असा स्थिर रोध असतोच. तो १ किलोओहमचा आहे असे समजू. आपण आणखी एक तेवढाच जोडला, तर दोन्ही समांतर होऊन ५०० ओहम होतात आणि २०° ला ४.१७ व्होल्ट येतात. संगणकाला थर्मिस्टरचा रोध ५ किलोओहम भासतो. इंजिन आहे त्याहून थंड आहे असे समजून तो जादा पेट्रोल सोडतो. अशा ठिकाणी आपला रोध न घालता केवळ विभवांतर मोजावे.

ही ५ किलोओहमची आकडेमोड ओहमच्या नियमाने करता येते. ती विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावी.