दिव्याभोवतीचा ट्रॅफिक जॅम

गेल्या जूनमधली गोष्ट. पहिला पाऊस पडून गेला होता. मस्तपैकी कॉफीचा मग घेऊन बाल्कनीत बसणार, तोच पंखवाल्या किड्यांची फौज ट्यूबवर तुटून पडली. सकाळी फरशीवर नुसता पंखांचा सडा! आईला फोन केला, तर तिचा सल्ला ठरलेला : "दिवा बंद कर आणि तेल लावलेला कागद लटकव."

पण पुण्यात मी एकटी राहते. रात्रभर बाल्कनीतला दिवा चालू असला की जरा धीर वाटतो. बंद कसा करणार?

हे किडे म्हणजे वाळवीचे नर-मादी. पावसानंतर वारुळातून बाहेर पडायचं, जोडीदार शोधायचा, पंख टाकायचे आणि नवं घर थाटायचं, एवढाच त्यांचा प्लॅन. थोडक्यात, आपल्यासारखाच! माझ्या ट्यूबपाशी तो फिसकटला होता.

किडे दिव्याला चंद्र समजून फसतात, हा जुना फंडा. पण २०२४ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये सॅम्युएल फेबियन, यश सोंधी आणि सहकाऱ्यांचं संशोधन आलं. त्यांनी हायस्पीड कॅमेऱ्याने पतंग, चतुर वगैरे टिपले. ते दिव्याकडे झेपावत नव्हते, तर दिव्याकडे पाठ करून उडत होते! रात्रीही आभाळ जमिनीपेक्षा उजळ असतं. त्यामुळे पाठ उजेडाकडे ठेवली की 'वर' कुठे ते किड्याला कळतं. शेजारी दिवा आला की हे गणित चुकतं. मग तो वळतच राहतो, घिरट्या घालतो. दिव्याच्या वरून गेला तर चक्क उलटा होऊन कोसळतो. म्हणजे बिचारा दिव्यावर भाळलेला नसतो, अडकलेला असतो.

मग मी काय केलं? अतिनील आणि निळसर प्रकाशाकडे बरेच किडे जास्त येतात. म्हणून पांढरी ट्यूब काढून पिवळसर 'वॉर्म' एलईडी लावला. खोक्यावर '२७०० के' लिहिलेलं बघून घ्या. उजेड फक्त खाली पडेल अशी शेड बसवली आणि सोबत मोशन सेन्सर. कुणी बाल्कनीत आलं तरच दिवा लागतो. खरं सांगू? रात्रभर जळणाऱ्या ट्यूबपेक्षा याचाच धीर जास्त वाटतो.

पुढच्या पावसानंतर चार-दोनच किडे आले. पंचाईत झाली ती फक्त भिंतीवरच्या पालीची!