रेशनचा तांदूळ आणि १९८६ चा भाव



रेशनच्या दुकानातून आपल्याला माणशी ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्ड असेल तर घराला ३५ किलो. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं तो आपला हक्क झाला. त्याच कायद्यानं घरातल्या १८ वर्षांवरच्या सगळ्यात मोठ्या बाईला कार्डावर कुटुंबप्रमुख केलं. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट मिळतं. काही गावांत तर रेशनचं दुकानच बचत गट चालवतो. एवढं सगळ्यांना माहीत आहे. पण या धान्याच्या पोत्यावरून स्वित्झर्लंड देशातल्या जिनिव्हा शहरात दहा वर्षांहून जास्त काळ वाद चालला आहे, हे आपल्याला कुणी सांगत नाही. पेपरात "डब्ल्यूटीओ" असं काहीतरी येतं आणि आपण पान उलटतो. या वेळी पान उलटू नका. बैठक, ठराव, मर्यादा, हिशेब हे आपलं रोजचंच काम आहे, तेच तिथे मोठ्या आकारात चालतं.

आधी पोतं कुठून येतं ते पाहू. आपल्या भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे दिवाळीनंतर आधारभूत खरेदी केंद्रावर धानाचे ट्रॅक्टर लागतात. सरकार हमीभावानं धान घेतं, गिरणीत भरडून घेतं, गोदामात ठेवतं आणि तोच तांदूळ रेशनला पाठवतं. पंजाब-हरियाणात गव्हाचं तसंच होतं. म्हणजे एका टोकाला विकणारी शेतकरीण आणि दुसऱ्या टोकाला पिशवी घेऊन उभी असलेली बाई. आपल्यातल्या कितीतरी जणी दोन्हीकडे असतात. सरकारनं हमीभावानं खरेदी केली नाही तर रेशनला एवढं धान्य येणार कुठून? वाद नेमका या खरेदीवर आहे.

जागतिक व्यापार संघटना, म्हणजे डब्ल्यूटीओ, १ जानेवारी १९९५ ला सुरू झाली. भारत पहिल्या दिवसापासून सदस्य आहे. आज १६६ सदस्य आहेत. कोणत्या देशानं दुसऱ्याच्या मालावर किती कर लावायचा, आपल्या शेतकऱ्याला किती मदत द्यायची, याचे नियम तिथे ठरतात. शेतीसाठी एक नियम असा आहे: विकसनशील देशानं एखाद्या पिकाच्या शेतकऱ्यांना भावातून दिलेली मदत त्या पिकाच्या एकूण उत्पादनाच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. श्रीमंत देशांना ही सूट ५ टक्के. ऐकायला आपली बाजू बरी वाटते, हो ना?

गोम पुढे आहे. मदत मोजायची कशी? सरकारनं दिलेल्या भावातून बाहेरचा भाव वजा करायचा, जो फरक येईल तो मदत. पण बाहेरचा भाव आजचा घ्यायचा नाही. १९८६ ते १९८८ या तीन वर्षांची सरासरी घ्यायची, आणि ती कायमची गोठवलेली आहे.

आपल्या भाषेत सांगते. समजा तुमच्या गटाचा ठराव आहे की सदस्याची शेळी गटानं बाजारभावापेक्षा १० टक्क्यांहून जास्त दरानं घ्यायची नाही. ठीक आहे. पण बाजारभाव म्हणून गटाच्या जुन्या वहीतला १९८७ सालचा भाव धरायचा, असं त्यातच लिहून ठेवलंय. समजा तेव्हा शेळी ३०० रुपयांना होती. आज तुम्ही बाजारातल्या भावानंच शेळी घेतली, एक रुपया जास्त दिला नाही, तरी वही म्हणणार की तुम्ही त्या बाईला हजारो रुपये फुकट वाटले. कोणती कोषाध्यक्ष हा हिशेब मान्य करेल?

तांदळाचा खरा हिशेब असा आहे. भारताच्या कागदावर १९८६-८८ चा तांदळाचा भाव टनाला ३५२० रुपये, म्हणजे क्विंटलला ३५२ रुपये लिहिलेला आहे. २०२५-२६ च्या खरिपाला साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये ठरला. सरकारी हिशेबानं एक क्विंटल धानातून ६७ किलो तांदूळ धरतात, म्हणजे तांदळाचा भाव क्विंटलला साधारण ३५३५ रुपये पडतो. जवळपास दहापट. या मधल्या जवळजवळ चाळीस वर्षांत डिझेल, खत, मजुरी, शाळेची फी काय तिथेच थांबली होती का? पण नियम म्हणतो, ३५२ च्या वरचं सगळं मदत.

म्हणून भारत हा हिशेब डॉलरमध्ये मांडतो. रुपया तेव्हापासून घसरला आहे, त्यामुळे डॉलरमध्ये फरक कमी दिसतो. तरीसुद्धा २०१८-१९ साली भारताला स्वतःहून कळवावं लागलं की तांदळाची मदत ११.४६ टक्के झाली, म्हणजे १० ची रेघ ओलांडली. अमेरिकेचं गणित याहून फार वेगळं. २०१८ मध्ये त्यांनी डब्ल्यूटीओकडे २०१०-११ ते २०१३-१४ या चार वर्षांचा आपला हिशेब दिला आणि भारताची तांदळाची मदत ७४ ते ८४ टक्के आहे असं म्हटलं. त्यांनी रुपयांत मोजलं, आणि सरकारनं प्रत्यक्ष विकत घेतलेल्या धान्याऐवजी देशात पिकलेलं सगळं धान्य धरलं. मोजायची पद्धत बदलली की तीच पोती कशी फुगतात, हे गटाचं ऑडिट पाहिलेल्या कुणालाही कळेल.

मग असा नियम आपण मान्य केलाच कशाला? नियम लिहिले गेले १९८६ ते १९९४ च्या वाटाघाटींत. शेतीच्या भागातला मोठा सौदा नोव्हेंबर १९९२ मध्ये अमेरिका आणि युरोप या दोघांनी वॉशिंग्टनच्या ब्लेअर हाऊसमध्ये बसून केला. बाकीच्यांसमोर आला तोवर कागद बराचसा तयार होता. ग्रामसभेच्या आदल्या रात्री कुणाच्या तरी ओसरीवर सगळं ठरतं आणि सकाळी आपल्याला फक्त सही किंवा अंगठा मागतात, तसंच काहीसं.

आणि त्या कागदातली दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. ज्या देशांनी त्या काळात शेतकऱ्यांना भरमसाट मदत दिली होती, त्यांना ती थोडी कमी करून उरलेली चालू ठेवायची मुभा मिळाली. अमेरिकेला अशी वर्षाला १९१० कोटी डॉलरपर्यंतची मुभा आहे, ५ टक्क्यांच्या सुटीशिवाय वेगळी. भारताच्या त्या रकान्यात शून्य आहे, कारण तेव्हा आपण तेवढी मदत देतच नव्हतो. गटात पूर्वी जिनं सगळ्यात जास्त कर्ज उचललं तिची मर्यादा कायम मोठी, आणि जी हात आखडून राहिली तिला मर्यादाच नाही, असा हा ठराव झाला.

शिवाय मदतीच्या प्रकारांतही फरक केलेला आहे. शेतकऱ्याच्या खात्यात थेट पैसे टाकले आणि ते पिकाशी किंवा भावाशी जोडले नाहीत, तर ती मदत "ग्रीन बॉक्स"मध्ये जाते. तिला मर्यादा नाही. अमेरिका गरीब कुटुंबांना धान्य-भाजीपाल्यासाठी कार्डावर पैसे देते, तो खर्चही याच पेटीत. रेशनसाठी साठा करायलाही मनाई नाही, पण तो साठा हमीभावानं विकत घेतला की भावातला फरक मर्यादेत मोजायचा. ज्यांच्या तिजोरीत पैसा आहे त्यांची पद्धत मोकळी, आणि ज्या देशात लाखो छोटे शेतकरी पोतं घेऊन केंद्रावर येतात त्यांची पद्धत मोजपट्टीखाली.

आता आपल्या हातात काय होतं ते सांगते. डब्ल्यूटीओमध्ये निर्णय सर्वसहमतीनं होतात. मोठा देश असो की छोटा, बैठकीत बसून कुणी "नाही" म्हटलं तर ठराव अडतो. आपल्या गटासारखंच. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत, म्हणजे आयएमएफमध्ये, असं नाही. तिथे भागभांडवलाप्रमाणे मतं असतात. अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून जास्त आहेत, भारताकडे ३ टक्क्यांपेक्षा कमी, आणि मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात. म्हणजे एकटी अमेरिका तो थांबवू शकते. त्या मानानं डब्ल्यूटीओत आपला "नाही" मोलाचा आहे.

तो वापरलाही गेला. अन्न सुरक्षा कायदा सप्टेंबर २०१३ मध्ये झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंडोनेशियातल्या बाली इथे डब्ल्यूटीओच्या मंत्र्यांची बैठक होती. बंदरांवरची, कस्टमची कामं सोपी करणारा करार श्रीमंत देशांना हवा होता. भारत म्हणाला, आधी आमच्या धान्यखरेदीचं बोला. तडजोड म्हणून "पीस क्लॉज" निघाला, शांततेचं कलम म्हणू. कायमचा उपाय निघेपर्यंत मर्यादा ओलांडली तरी अशा देशावर कुणी दावा लावायचा नाही. पण ही सवलत चारच वर्षं टिकणार की काय, ही शंका राहिली. मग जुलै २०१४ मध्ये भारतानं कस्टमच्या कराराला पुढची संमती द्यायचं थांबवलं. सोबतीला क्युबा, बोलिव्हिया, व्हेनेझुएला असे मोजकेच देश होते. बाहेर बरीच टीका झाली. नोव्हेंबर २०१४ मध्ये लिहून मिळालं की कायमचा उपाय निघेपर्यंत शांततेचं कलम चालू राहील.

तो कायमचा उपाय २०१७ पर्यंत काढायचं ठरलं होतं. त्या वर्षी ब्यूनस आयर्सच्या बैठकीत काही ठरलं नाही. २०२४ मध्ये अबूधाबीतही नाही. कलमाच्या आपल्या अटी आहेतच. दरवर्षी हिशेब द्यायचा, साठ्यामुळे दुसऱ्यांचा व्यापार बिघडवायचा नाही, आणि ७ डिसेंबर २०१३ ला जे कार्यक्रम चालू होते त्यांनाच हे कवच. त्यानंतर सुरू केलेल्या नव्या खरेदी कार्यक्रमाला ते मिळत नाही. आपलं रेशन या तात्पुरत्या छपराखाली उभं आहे.

दुसरी बाजूही ऐका, नाहीतर चर्चा एकतर्फी होईल. पाकिस्तान, थायलंड यांसारखे देश श्रीमंत नाहीत, पण त्यांनाही भारताच्या साठ्याची धास्ती आहे. सरकारनं महाग घेतलेला तांदूळ उद्या स्वस्तात परदेशी विकला तर आमच्या धान उत्पादकांचं काय, असं ते विचारतात. प्रश्न खोटा नाही. जगात विकल्या जाणाऱ्या तांदळात भारताचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास आहे. जुलै २०२३ मध्ये आपण बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, ती सप्टेंबर २०२४ पर्यंत बंद होती. आपल्याकडे भाव आवरायला ते केलं, पण आफ्रिकेतल्या ज्या देशांच्या चुली भारताच्या तांदळावर चालतात तिथल्या बायकांना त्याची झळ बसली. त्यांना जिनिव्हात बोलायला आपल्याइतकाही आवाज नाही. मला वाटतं, गरिबाला वाटायचा साठा परदेशी विकायचा नाही ही अट आपण नीट मान्य केली, तर १९८६ चा भाव बदला ही आपली मागणी जास्त वजनदार होईल.

आता आपल्या दारातली गोष्ट. २०२३ पासून अमरावती आणि छत्रपती संभाजीनगर विभाग आणि वर्धा जिल्हा मिळून १४ जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांना धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यात द्यायचं ठरलं, पुढे ते १७० झाले. हे डब्ल्यूटीओनं करायला लावलं असं मी म्हणत नाही, तसा काही संबंध नाही. पण जगाचे नियम कोणत्या बाजूला झुकलेत ते आपण वर पाहिलं: खात्यात पैसे टाकायला मोकळीक, हमीभावानं घेऊन साठवायला मर्यादा. त्यामुळे "धान्य की पैसे" हा प्रश्न आज ना उद्या आपल्याही गावात विचारला जाईल. पैसे मिळाले तर हवं ते घेता येतं, हे खरं. पण १७० रुपयांत किराणा दुकानातून ५ किलो तांदूळ येतो का? भाव वाढला की रक्कम आपोआप वाढते का? खातं कुणाच्या नावावर, एटीएम कार्ड कुणाच्या खिशात? आणि सगळ्यांनाच पैसे दिले तर केंद्रावर आपलं धान कोण घेणार?

पुढच्या महिन्याच्या ग्रामसंघ बैठकीत हा विषय अजेंड्यावर घ्या. दोन्ही बाजूंनी बोला, वर्ध्याकडे माहेर असलेल्या ताईंना आधी बोलू द्या, त्यांच्या घरी काय अनुभव आहे ते कळेल. किती जणी धान्य म्हणाल्या, किती जणी पैसे, आणि का, हे इतिवृत्तात लिहून सचिवांमार्फत संघाच्या कार्यालयात पाठवा. आलेली उत्तरं पुढच्या अंकात छापू.

— तुमची क्षेत्र समन्वयक