थंडीतली डोकेदुखी आणि घराचे धुराडे



गेल्या ऑक्टोबरात आमच्या घरी घडलेली गोष्ट आज सांगते. ३४ वर्षे नर्सची नोकरी करूनही मी फसले, म्हणूनच सांगते.

मी आणि आमचे हे, दोघेही मुलीकडे आर्नहेमला राहतो. हॉलंडमधले हे ऱ्हाइन नदीकाठचे शहर. घर जुने, विटांचे. आमच्या खोलीत ऊब देणारी गॅसची जुनी शेगडी आहे आणि तिचा धूर धुराड्यातून छपरावर जातो. थंडी पडली तशी ती पेटवली. दोन-तीन दिवसांत सकाळी उठल्यावर माझे डोके जड होऊ लागले, मळमळू लागले. यांना चक्कर येई. मी यांचे बी.पी. पाहिले, थोडे वाढलेले होते. बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर ९८. म्हटले, हवा मानवली नसेल. डोकेदुखीची गोळी घेतली आणि स्वस्थ बसले.

नदीकाठी फिरायला गेलो की दोघांनाही बरे वाटे. घरी आलो की पुन्हा तेच. खरी खूण हीच होती, पण ती माझ्या लक्षात आली नाही. पाचव्या दिवशी जावयांनी कार्बन मोनॉक्साइड ओळखणारा भोंगा आणून आमच्या खोलीत लावला. त्याच संध्याकाळी तो ओरडू लागला. शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या आणि सगळे बाहेर पडलो. रात्र आम्ही दोघांनी हॉस्पिटलात ऑक्सिजनचा मास्क लावून काढली. पुढे धुराडे साफ करणारा माणूस आला. त्याने वरून टोपलीभर काटक्या काढल्या. कावळ्याच्या जातीतला एक छोटा पक्षी इकडे वसंतात धुराड्यातच घरटे करतो. पिल्ले उडून गेली, पण घरटे तिथेच राहिले आणि धुराची वाट बंद झाली.

गॅस, लाकूड किंवा कोळसा जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग हृदयाला आणि मेंदूला प्राणवायू मिळत नाही. हृदयविकार असलेल्यांना, वयस्करांना आणि गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला धोका अधिक.

कोविडनंतर आपल्या प्रत्येकाच्या घरी ऑक्सिमीटर आला आहे, त्याबद्दल नीट ऐका. हे यंत्र बोटातून प्रकाश सोडून रक्ताचा रंग पाहते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त त्याला प्राणवायूने भरलेल्या रक्तासारखेच दिसते. त्यामुळे माणूस गुदमरत असतानाही आकडा ९८ दिसू शकतो. खरे प्रमाण हॉस्पिटलात रक्त तपासूनच कळते. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध प्राणवायू दिला तर साधारण तास-दीड तास पुरतो. म्हणून घरी पडून राहू नये.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे धुराडे? आपल्या गावच्या घरांत चुलीचा धूर कौलांच्या फटींतून निघून जाई. आता मुंबई-ठाण्याच्या फ्लॅटमध्ये खिडक्या घट्ट बंद असतात आणि बाथरूममध्ये गॅसचा गीझर असतो. त्याचा पाइप म्हणजेच तुमचे धुराडे. अलिबाग-रेवदंड्यापासून इस्रायलच्या किनाऱ्यापर्यंत आपली पुष्कळ माणसे समुद्राजवळ राहतात. खारी हवा खिडकीच्या गजांना खाते, तशीच पाइपच्या पत्र्यालाही खाते. पत्र्याला भोके पडली की धूर खोलीत येतो. गंजाचे पोपडे वळणावर साचले की वाट बंद होते. पाइपच्या तोंडाशी कबुतरे घरटी करतात ते वेगळेच. पाइप बदलायचा झाला तर समुद्रकाठी टिकणारे स्टेनलेस स्टील, ३१६ दर्जाचे, मागून घ्या. पैसे जास्त पडतात, पण टिकते.

विटांच्या धुराड्यात पावसाचे पाणी मुरते आणि सांध्यातला चुना सुटतो. ओले लाकूड जाळले तर आतून डांबरासारखा काळा थर बसतो. तो पेटला तर धुराड्यालाच आग लागते. त्यावर पाणी कधीही ओतू नये. वाफेच्या जोराने धुराडे फुटते. घराबाहेर पडून अग्निशमन दलाला बोलवावे.

आता कामाच्या गोष्टी लक्षात ठेवा.

वर्षातून एकदा, थंडी सुरू होण्याआधी, धुराडे किंवा गीझरचा पाइप जाणकाराकडून तपासून आणि साफ करून घ्या. स्वतः छपरावर चढू नका. आपल्या वयात मोडलेले खुब्याचे हाड हा दुसरा आजार होतो. हॉलंडमध्ये १ एप्रिल २०२३ पासून गॅसच्या अशा उपकरणांचे काम प्रमाणपत्र असलेल्या कंपनीनेच करायचे, असा कायदा आहे.

कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा निजायच्या खोलीजवळ लावा. इथे १ जुलै २०२२ पासून धुराचा भोंगा घरोघरी सक्तीचा झाला, पण धुराच्या भोंग्याला हा वायू कळत नाही. दोन्ही वेगळे असतात. महिन्यातून एकदा बटण दाबून पाहा आणि त्यावर छापलेली मुदत संपली की बदला.

ज्योत निळी असावी. ती पिवळी झाली, भिंतीवर काजळी दिसली किंवा काचांवर नेहमीपेक्षा जास्त पाणी साचू लागले तर उपकरण बंद करा. बंद खोलीत कोळशाची शेगडी घेऊन कधीही झोपू नका. हवेसाठी ठेवलेली झडप थंडी वाजते म्हणून कापडाने बुजवू नका. मी तेही केले होते.

भोंगा वाजला तर आधी बाहेर पडा, मग फोन करा: हॉलंडमध्ये ११२, महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८, इस्रायलमध्ये १०१.

शेवटी एकच सांगते. एकट्याचे डोके दुखले तर कारणे शंभर असतात. पण घरातल्या दोघांचे डोके एकाच वेळी दुखले आणि बाहेर गेल्यावर दोघांनाही बरे वाटले, तर गोळीचा डबा उघडू नका. खिडकी उघडा, बाहेर पडा आणि डॉक्टरांना हेच शब्द सांगा.