विश्लेषण : पालघरच्या मैदानात गाजलेली बेंजो पार्टी बोईसरच्या हॉलमध्ये का फसते?

पालघरच्या मैदानातल्या हळदीत बेंजो पार्टीने रात्र गाजवली, म्हणून बोईसरच्या हॉलमधल्या लग्नाला त्याच पोरांना सुपारी दिली. तिथे मात्र नुसता गोंगाट झाला. पालघर आणि बोईसर-तारापूर पट्ट्यात लग्नसराईत असे होऊ शकते. दोन्ही गावांमध्ये रेल्वेचे उमरोळी हे एकच स्थानक. वाजवणारे तेच, गाणी तीच, स्पीकरही तेच. तरी दोष पार्टीवर येतो, ठरलेल्या पैशांतून रक्कम कापली जाते आणि पुढची सुपारीही हातची जाते. बदललेली असते ती फक्त जागा. जागेमुळे एवढा फरक कसा पडतो?

बेंजो पार्टीत काय वाजते?

इथला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. टाइपरायटरसारखी बटणे दाबून तारा छेडायचे हे वाद्य जपानच्या ताइशोगोतो या वाद्यावरून आले. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी ते १९१२ मध्ये तयार केले होते. आपल्याकडे बेंजोला पिकअप बसवून त्याचा सूर वायरीतून थेट अ‍ॅम्प्लिफायरला दिला जातो. सोबत ढोलकी, ढोल, ताशा, ऑक्टोपॅड, कीबोर्ड असे पार्टीच्या ऐपतीप्रमाणे असते. या संगीताची सगळी मजा जलद आणि सुट्या ठोक्यांत आहे. एक ठोका संपून दुसरा स्पष्ट ऐकू आला तरच पाय थिरकतात.

मोकळ्या मैदानात आवाजाचे काय होते?

मैदानात आवाज स्पीकरमधून निघतो आणि पसरत जातो. त्याला परत पाठवणारी भिंत जवळ नसते. अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून ५ मीटरवर १०० डेसिबल असेल, तर १० मीटरवर ९४ आणि २० मीटरवर ८८. म्हणजे पुढे नाचणाऱ्यांना दणका बसतो आणि मागे खुर्चीवर बसलेल्या आजी-आजोबांना गप्पा मारता येतात. ठोकाही कोरा राहतो, कारण तो एकदाच कानावर येतो.

हॉलमध्ये काय बिघडते?

हॉलमधल्या टाइल्स, काच, सिमेंटच्या भिंती आणि स्लॅब हे कठीण पृष्ठभाग आवाज फारसा शोषत नाहीत, परत फेकतात. स्पीकरचा थेट आवाज, मग या भिंतीवरून आलेला, मग त्या भिंतीवरून आलेला असे एकाच ठोक्याचे असंख्य तुकडे मागोमाग कानावर येतात. आवाज बंद केल्यावर तो ६० डेसिबलने उतरायला जितका वेळ लागतो, त्याला अनुरणन काळ म्हणतात.

हे मोजण्याची रीत अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सबाइन यांनी शोधली. तिथल्या फॉग कला संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत असे. १८९५ पासून सबाइन यांनी रात्री-अपरात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून, ऑर्गनची नळी वाजवून आणि घड्याळ लावून हे मोजले. निष्कर्ष सोपा होता : खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त रेंगाळतो, शोषणारी वस्तू जितकी जास्त तितका कमी.

आकड्यांत हे कसे दिसते?

समजा हॉल २० मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि ५ मीटर उंच आहे, आणि सगळे पृष्ठभाग कठीण आहेत. सबाइन यांच्या सूत्राने हिशेब केला, तर रिकाम्या हॉलमध्ये आवाज सुमारे ५ सेकंद रेंगाळतो. माणसाचे शरीर आणि कपडे आवाज चांगला शोषतात. १०० पाहुणे असतील तर हा काळ सुमारे अडीच सेकंदांवर येतो, ३०० असतील तर सव्वा सेकंदाच्या आसपास.

आता ढोलकीकडे पाहा. जलद लयीत सेकंदाला ८ ठोके पडत असतील, तर अडीच सेकंदांत २० ठोके होतात. पहिल्या ठोक्याची शेपटी अजून हवेत असताना विसावा ठोका पडलेला असतो. त्याचाच गोंगाट होतो. पाहुणे जेवायला उठले आणि हॉल अर्धा रिकामा झाला की ‘आता पार्टीचा सूर गेला’ असे वाटते, त्याचे कारणही बऱ्याचदा हेच असते. संध्याकाळी रिकाम्या हॉलमध्ये लावलेले सेटिंग रात्री भरलेल्या हॉलला लागू पडत नाही, ते याचमुळे.

आवाज वाढवला तर?

इथेच बहुतेक वेळा गाडी घसरते. गाणे कळत नाही म्हणून यजमान ‘आवाज वाढवा’ सांगतात. पण थेट आवाजाबरोबर घुमणारा आवाजही तितकाच वाढतो, त्यामुळे स्पष्टता वाढत नाही. गायकाच्या माइकमध्ये स्पीकरचा आवाज भिंतींवरून परत शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर पडतो आणि कानठळ्या बसवणारी शिटी वाजते. बेंजोचा सूर पिकअपमधून येत असल्याने तो यातून बराचसा वाचतो, गायक वाचत नाही.

प्रश्न कानांचाही आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत चालतो. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटे. पाहुणा एका रात्रीपुरता येतो. वाजवणारा पोरगा मात्र सगळी लग्नसराई स्पीकरशेजारी उभा असतो. कानाच्या आतल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

मैदान आणि हॉलला नियम एकच आहे का?

नाही. ध्वनी प्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर लावता येत नाही. बंद सभागृह, समाजगृह, मेजवानीचा हॉल यांना आतल्या वापरापुरती सूट आहे. पण हद्दीबाहेर जाणाऱ्या आवाजाला तिथेही मर्यादा आहे. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. कापडी मांडव म्हणजे बंद हॉल नव्हे. सांस्कृतिक वा धार्मिक सणांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते, मात्र घरच्या हळदीला ती आपोआप मिळत नाही.

रात्री आणखी एक गोष्ट घडते. निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा आधी थंड होते आणि वरची तुलनेने उबदार राहते. त्यामुळे वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो. दिवसा शेजारच्या पाड्यावर न पोहोचणारा बेंजो रात्री तिथल्या झोपलेल्या लेकराला उठवतो.

जागेप्रमाणे वाद्य, की वाद्याप्रमाणे जागा?

पालघर जिल्ह्याचा तारपा यावर बोलका आहे. सुकवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि पानांचा कर्णा असलेले हे वाद्य मोकळ्या जागेतच वाढले. तारपावाला मध्ये आणि त्याच्याभोवती हात गुंफून नाचणारे, अशी ही रचना. ऐकणारेच नाचणारे असल्याने ते वाद्यापासून फार लांब नसतात आणि अ‍ॅम्प्लिफायरची गरज पडत नाही. हाच तारपा मंचावर एका माइकपुढे उभा केला, की वादक आणि रसिक यांच्यात अंतर पडते. याच्या उलट, मुंबईत १९८० मध्ये सुरू झालेल्या एनसीपीएच्या टाटा थिएटरची रचनाच ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस यांच्या सल्ल्याने झाली. लग्नाच्या हॉलसाठी असा खर्च कोणी करत नाही. पण थोडी काळजी घेता येते.

सुपारी देताना काय पाहावे?

हॉलमध्ये उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर आवाज सेकंदभराहून जास्त घुमला, तर पार्टीला आधीच सांगा. मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर जाड पडदे घडी घालून सोडा, जमिनीवर सतरंज्या अंथरा. पातळ सजावटीच्या कापडाने फारसे साधत नाही. दोन मोठे स्पीकर एका टोकाला ठेवून आवाज फोडण्याऐवजी छोटे स्पीकर पाहुण्यांच्या जवळ, त्यांच्याकडे तोंड करून ठेवा. खर्ज कमी ठेवा, कारण तो सर्वांत कमी शोषला जातो. ढोल-ताशाला हॉलमध्ये माइक लागतोच असे नाही.

आणि व्यवहार ठरवताना जागेचे नाव, आकार, पाहुण्यांचा अंदाज आणि वाजवणे बंद करायची वेळ हे सगळे आधी बोलून घ्या. पार्टीला एक-दोन तास आधी हॉल मिळाला पाहिजे, हेही हॉलवाल्याशी ठरवा. एवढे न करता शेवटी पोरांचे पैसे कापणे म्हणजे टाइल्सचा दंड ढोलकीवाल्याकडून वसूल करण्यासारखे आहे.