सावर्डे ते मुंबई : शहर आणि रोजगाराविषयीचे काही गैरसमज

चिपळूण तालुक्यातल्या सावर्ड्यातून मुंबईला माणसे जातात, हे आजचे नाही. 19व्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापड गिरण्या उभ्या राहिल्या आणि रत्नागिरी जिल्ह्यातली घरेच्या घरे गिरणीच्या पगारावर चालू लागली. गिरण्या गेल्या, चाकरमानी राहिला. त्याच्याविषयी बोलताना काही समजुती मात्र तपासल्याशिवाय पुढे जातात.

गैरसमज : शहर गावाचा रोजगार पळवते.

चिपळूण तालुक्यातली भातशेती बरीचशी एका पिकाची, तुकड्या-तुकड्यांची. तिच्यात वर्षभराचे काम नव्हतेच, मग पळवणार काय? शहरात मालकाला हवा तसा कारागीर मिळतो आणि एक दार बंद झाले तर कारागिराला दुसरे दार जवळच असते. सुटे भाग, दुरुस्ती, उधारी, गिऱ्हाईक सारे हाकेच्या अंतरावर. अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 मध्ये हेच मांडले होते.

याचा छोटा नमुना सावर्ड्यातच आहे. इथे कातउद्योग रुजला, कारण सह्याद्रीच्या उतारांवर खैर होता. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळायचे, काढा आटवायचा, थंड करून कात जमवायचा. तोड करणारे, लाकूड वाहणारे, भट्टी जाणणारे एका भागात असले की नव्या कारखानदाराला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. पण हा सारा डोलारा झाडावर उभा आहे. शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीत खैर लावला नाही, तर जंगल तोडून हा धंदा किती दिवस चालणार?

गैरसमज : एमआयडीसी आली की तरुण गावातच राहतील.

खेड तालुक्यातली लोटे परशुराम ही एमआयडीसीची वसाहत अनेक दशके आहे. तरी 2001 ते 2011 या काळात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 16.97 लाखांवरून 16.15 लाखांवर आली. तिथल्यासारख्या रसायन कारखान्यात भांडवल पुष्कळ लागते, माणसे त्या मानाने थोडी. सांडपाण्याचा त्रास मात्र दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षे सांगितला आहे. कारखाना नको, असे मी म्हणत नाही. एकट्या कारखान्याने बाजारपेठ वसत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

सावर्ड्यात ती वसली शाळा-कॉलेजांभोवती. गोविंदराव निकम यांच्या सह्याद्री शिक्षण संस्थेमुळे बाहेरगावची मुले इथे राहू लागली; संस्थेच्या कला महाविद्यालयाने शिल्पकारही घडवले. जवळच डेरवणला वालावलकर रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय. विद्यार्थी आणि रुग्ण आले की खोल्या, खानावळी, औषधांची दुकाने, रिक्षा यांना काम मिळते. महामार्ग आणि कोकण रेल्वेमुळे हे टिकते. उद्योग म्हटले की आपल्याला धुराडेच दिसते, म्हणून हा रोजगार हिशेबात धरला जात नाही.

गैरसमज : मुंबई गाठली की प्रश्न सुटला.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यातल्या फार थोड्यांना पुन्हा तसे पक्के काम मिळाले. पुढे घरेही परवडेनाशी झाली. 2001 ते 2011 मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या घटली, तर तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याची एक कोटीच्या पुढे गेली. परळचा चाकरमानी दिवा, नालासोपाऱ्याला गेला आणि कामाला जाण्या-येण्यातच दिवसाचे कित्येक तास घालवू लागला. माणसे जवळ असण्याचा फायदा लोकलच्या प्रवासात आणि घरभाड्यातच संपत असेल, तर शहर कितीही मोठे होवो, चाकरमान्याच्या हाती फारसे काही उरत नाही.

सावर्ड्याच्या तरुणाला चिपळूण आणि त्याला लागून असलेल्या खेर्डीची बाजारपेठ रोज गाठता आली, तर त्याला घर न सोडता शहराचा उपयोग होईल. म्हणून ग्रामसभेत कारखान्याची मागणी कराल, तेव्हा त्याच ठरावात रात्रपाळीनंतरची एसटी आणि परवडणाऱ्या भाड्याच्या खोल्या या दोन मागण्याही लिहा.